मार्थाची जागा कुणी दाखवली?

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधी सांगून टाकते. माझ्या माहेरी तर उलटीच तऱ्हा होती. वडील शाळामास्तर. अमावास्येला मुद्दाम नखं कापायला बसायचे, तेही शेजाऱ्यांना दिसावं म्हणून बाहेर ओट्यावर! त्यांची मी मुलगी. माझा स्वभावच मुळात संशय घेण्याचा – भाजीवाल्याच्या तराजूपासून नवऱ्यापर्यंत कुणालाही मी सोडलेलं नाही. या सदरात लोक पैंजणांचे आवाज, पांढऱ्या साड्या असं काहीबाही लिहितात. माझ्याकडे त्यातलं काही नाही. जे झालं ते सगळं रविवारी सकाळी, लख्ख उन्हात झालं. आणि म्हणूनच ते मला जास्त छळतं...

गोष्ट पन्नास सालानंतरची, साठच्या आधीची. हे – म्हणजे माझे यजमान – अंबरनाथला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. आम्हाला क्वार्टर मिळाली होती. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि मागचं दार उघडलं की समोर मलंगगड. पलीकडे उल्हासनगर, पण तेव्हा आम्ही सगळे त्याला 'कॅम्प'च म्हणायचो. लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये सिंधी लोक येऊन राहिले होते. तिथली देवीबाई डोक्यावर पापडांची टोपली घेऊन आमच्या क्वार्टर्समध्ये यायची. माझ्याच वयाची असेल. तिची-माझी चांगली गट्टी होती.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्हाला मुलगा झाला. तीन दिवस जगला. चौथ्या दिवशी यांनी आणि शेजारच्या एका गृहस्थांनी त्याला फडक्यात गुंडाळून नेलं. कुठे नेलं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तेव्हा बायका विचारत नसत. घरात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. हे आधीच कमी बोलणारे, ते आणखी गप्प झाले.

आणि मग पाच-सहा महिन्यांनी त्यांचं रविवारचं जाणं सुरू झालं.

सकाळचा चहा झाला की सायकल काढायची आणि जायचं. "कुठे?" म्हटलं तर "जरा फिरून येतो." येणार ते जेवायच्या वेळेला, पँटच्या गुडघ्यांना माती लागलेली. मी एक रविवार पाहिला, दोन पाहिले. तिसऱ्या आठवड्यात देवीबाई पापड मोजून देता देता सहज म्हणाली, "बाई, तुम्हारा साहेब इतवार को बदलापूर की साइड क्या करता है? मैं उधर पापड देने जाती हूं, हर बार लाइन के पास उसकी सायकल दिखती है."

मी पापड मोजून घेतले. पण त्या दिवशी कपडे धुवायला घेताना खिसे नीट तपासले. एक चिठ्ठी निघाली. अक्षर यांचंच – ड्राफ्ट्समनचं, छापल्यासारखं. तिच्यावर एकच ओळ होती.

'मार्था. वय वीस. बाळ सोबत.'

त्या वेळी माझं काय झालं असेल याची कल्पना तुम्हीच करा. माझं मूल गेलेलं, आणि माझ्या नवऱ्याच्या खिशात कुणा वीस वर्षांच्या बाईचं नाव... बाळासकट! कारखान्याच्या दवाखान्यात दोन-तीन ख्रिश्चन नर्सबाया होत्या. मी मनातल्या मनात प्रत्येकीचा चेहरा आठवून पाहिला. आठवडाभर मी यांच्याशी नेहमीसारखी वागले. चहा दिला, डबा दिला. रात्री मात्र डोळा लागला नाही. रविवारी हे गेल्यावर देवीबाईला बरोबर घेतलं आणि मागोमाग निघाले.

अंबरनाथ सोडून बदलापूरकडे जाताना रुळांपासून पाच-सात मिनिटांवर एक उंचवटा होता. खालून ओढा जायचा. गाववाले त्याला थडग्यांचा माळ म्हणत. इकडे पहिल्यांदा रेल्वे लाइन टाकली, तेव्हा तापाने आणि पटकीने मेलेले गोरे तिथे पुरलेले. इंजिनियर, मुकादम, त्यांच्या बायका, पोरं. तीन बाजूंना दगडी भिंत, चौथी पडलेली. काही थडग्यांवर कोरलेले दगड अजून होते, काही लोकांनी उचलून नेले होते – कुणी उंबरठ्याला लावला, कुणी धुणं धुवायला. बाकी जागा नुसती गवताची, सपाट. खाली कुणी आहे असं सांगूनही खरं वाटणार नाही.

आम्ही भिंतीआडून पाहिलं. हे गुडघ्यांवर बसून नारळाच्या शेंडीने एक दगड घासत होते. आजूबाजूला कुणी बाई नाही, बाळ नाही.

मी सरळ पुढे गेले. "मार्था कोण?"

ते दचकले. पण लपवाछपवी करताना पकडलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. ते उठले, दहा पावलं चालले आणि एका मोकळ्या जागेवर उभे राहिले. नुसतं गवत. "ही," ते म्हणाले. "ही इथे आहे. दगड गेलाय तिचा."

"आणि मी हे खरं मानायचं?"

त्यांनी हातातली शेंडी खाली ठेवली. मग खाली ओढ्याकडे बघत म्हणाले, "मालू, बाळाला मी त्या करंजाखाली ठेवलंय. कोल्ही-कुत्री उकरतात म्हणून बघायला यायचो. एकदा इथेच बसून राहिलो होतो, तर गवत कापणारे हिराजीबाबा जवळ आले. म्हणाले, 'सायेब, तुमचं पोर एकटं नाय. हितं वर एक बाय हाय, मार्था नावाची. तिचं बी पोर संगती हाय.' तेव्हापासून येतो. त्यांना इथलं सगळं ठाऊक आहे. कोण कुठे आहे, कशाने गेलं. ते सांगतात, मी लिहून घेतो."

मी वळून खाली त्या करंजाकडे पाहिलं. माझ्या मागे देवीबाई तोंडाला पदर लावून उभी होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "हमारा तो मसाण भी उधर सिंध में रह गया, बाई. कौन झाडू मारता होगा... ये अच्छा काम करता है. करने दे."

मी करू दिलं. एवढंच नाही, पुढचे कितीतरी रविवार मीही गेले. करंजाखाली जरा वेळ बसायचे, मग वर येऊन शेंडी हातात घ्यायचे. यांनी घरी ट्रेसिंग पेपरवर त्या जागेचा नकाशा काढायला घेतला होता. पाच ओळी, प्रत्येक ओळीत चौकोन, प्रत्येक चौकोनात नाव. मला म्हणायचे, "आपल्या गावातल्या प्राचीन देवळाचे दगड मोजायला सरकार माणसं पाठवतं. आणि इथल्या दगडांवर लोक धुणं धुतात. ही लाइन नसती तर कारखाना नसता, कॅम्प नसता, आपण नसतो इथे. मग हाही या गावाचाच इतिहास ना?" त्यांना इतकं बोलताना मी लग्नानंतर प्रथमच ऐकत होते.

संशय मात्र माझा गेला नव्हता, तो फक्त हिराजीबाबांकडे वळला होता. बदलापूर गावातला सत्तरीचा शेतकरी, लिहिता-वाचता न येणारा. त्याला इंग्रजी नावं कुठून येणार? दुःखातल्या माणसाला बरं वाटावं म्हणून रचून सांगत असेल, असं मला वाटे. मी गेले की तो लांब गवत कापत असायचा. "काय वयनी, बरं हाय ना?" एवढं म्हणायचा आणि पुन्हा खाली वाकायचा. माझ्यासमोर त्याने कधी एकही नाव उच्चारलं नाही. ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली होती.

पावसाळा संपता संपता त्या माळावर गोदाम बांधायचं घाटू लागलं. जागा ज्या चर्चकडे होती त्यांचे एक पाद्रीसाहेब पाहणीला आले. नगरकडचे, मराठी अगदी आपल्यासारखं बोलणारे, सज्जन दिसणारे. बरोबर जुनी नोंदवही. रविवार होता, आम्ही तिथेच होतो. यांनी उत्साहाने नकाशा उलगडला. पाद्रीसाहेब एकेक नाव वहीत बघत गेले. बोट नकाशावर, मग वहीत, मग परत नकाशावर. पहिल्या तीन ओळींतली नावं जुळली. चौथ्या ओळीला त्यांचं बोट थांबलं.

"ही नावं तुम्हाला कुठे मिळाली?"

"हिराजीबाबांनी सांगितली."

पाद्रीसाहेबांनी वही आमच्यासमोर धरली. मधली दोन पानं नव्हती. शिवण उसवून पानं गेलेली स्पष्ट दिसत होती. "ही पानं मी इथे येण्याच्या आधीपासून नाहीत," ते शांतपणे म्हणाले. "आणि त्यांवर असायला हवीत तितकीच नावं तुमच्या नकाशात आहेत. पानं तुमच्याजवळ असतील तर देऊन टाका. मी पुढे काही विचारणार नाही."

यांचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यात दुसऱ्याची पेन्सिल घरी न आणलेला माणूस! "माझ्याजवळ काहीही नाही," एवढंच ते म्हणाले. पाद्रीसाहेबांनी वही मिटली. पुढच्याच आठवड्यात कारखान्यात चर्चचं पत्र आलं आणि यांना आठ दिवसांत लेखी खुलासा द्यायला सांगण्यात आलं. चोरीचा आळ. नोकरी गेली तर क्वार्टर गेली.

मी म्हटलं, साधी गोष्ट आहे, हिराजीबाबांचा अंगठा घेऊन येते. देवीबाईला घेऊन बदलापूर गावात गेले. म्हातारा अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग माझ्याकडे असा बघू लागला की वेडी मीच.

"मी सांगलं? वयनी, मना काय म्हाईत त्या गोऱ्यांचं? सायबांनीच सांगलं मना."

"कुणी?"

"तुमच्या सायबांनी. मी गवत कापायचो, त्ये यायचे, हुबं राहून नावं सांगायचे. माझा आजा लायनीच्या कामावर गेला त्यो परत आलाच नाय. सायबांनीच मना जागा दावली – भिंतीच्या भायेर, वरल्या अंगाला. म्हनून मी थयलं गवत कधी कापीत नाय."

मला संताप आला. आता वेळ आल्यावर म्हातारा अंग काढून घेतोय! मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो मुकाट्याने ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "चला, सायबांच्या तोंडावर बोलतो."

तसंच ठरलं. यांनी पाद्रीसाहेबांना विनंती केली आणि खुलाशाची मुदत संपायच्या आधीच्या रविवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, आम्ही सगळे माळावर जमलो. हे, मी, हिराजीबाबा आणि पाद्रीसाहेब. पाद्रीसाहेबांची नजर दोघांवर होती, आणि खरं सांगायचं तर माझीही. दोघांतला एक खोटं बोलतोय, आणि तो कोण ते मला आज कळणार होतं.

"बाबा, मार्थाबद्दल तुम्ही सांगितलंत ना मला?" हे म्हणाले. "इथे उभे होतात. विळा डाव्या हातात, हात असा उंच करून दाखवलंत – ही बाय इथे, तिच्या पायाशी मुकादम, पलीकडे दोघं भाऊ."

 हिराजीबाबाने डावा हात उचलायचा प्रयत्न केला. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. "तरणा व्हतो तवा ताडावरनं पडलो," तो म्हणाला. "तवापासनं ह्यो खांद्यावर जात नाय. अख्ख्या गावाला इचारा."

हे त्या हाताकडे बघत राहिले.

"आनि सायेब," म्हातारा पुढे बोलला, आता त्याचा आवाज बारीक झाला होता, "नावं सांगायच्या आधी तुम्ही डोक्यावरची टोपी काढायचे. ती मोठी, सायबी टोपी. काढून छातीशी धरायचे."

आमच्या ह्यांनी जन्मात टोपी घातलेली नाही. ना गांधी टोपी, ना हॅट. लग्नात पागोटं ठेवतानाही कटकट केली होती.

 खालून एक मालगाडी गेली. ते दोघं एकमेकांकडे बघत होते... इतके महिने शेजारी शेजारी बसलेली माणसं, आणि बघत होती अशी, की आपण नक्की कुणाशी बोलत होतो? मी एकदा यांच्या चेहऱ्याकडे, एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघून खोटं शोधत होते. मला दोन्हीकडे फक्त भीती दिसली. आणि मग मीच हळूच चार पावलं मागे सरकले. दोघांपासूनही.

पाद्रीसाहेबांचा अजून विश्वास नव्हता. ते म्हणाले, "मार्थाची जागा उकरू. वरवर. दगड असला तर असेल." हिराजीबाबाने कुदळ आणली, पण हातात धरेना. शेवटी ह्यांनीच माती काढली. हातभर खोल गेल्यावर खण्ण आवाज झाला. दगड पालथा पडलेला होता, गवताच्या मुळांनी वेढलेला. किती वर्षं तसा होता कुणास ठाऊक. तिघांनी मिळून उलटा केला. पाद्रीसाहेबांनी रुमालाने माती पुसली आणि वाचलं – मार्था, अमक्याची पत्नी, वय वर्षं वीस, आणि तिचं बाळ.

आडनावसुद्धा नकाशातलंच होतं.

तरीही आळ गेला नाही. पाद्रीसाहेब म्हणाले, तसं म्हटलं तर हे त्या पानांवरूनही कळू शकतं. बरोबरच होतं. मीही त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. खुलाशावर कारखान्याने निर्णय लांबवला आणि आमचे दोन महिने जीव मुठीत धरून गेले. त्या काळात मी घरातला प्रत्येक कागद, प्रत्येक पुस्तक, ट्रंकेचा तळ सगळं धुंडाळलं. हे कामावर गेले की. होय, मी स्वतःच्या नवऱ्याची झडती घेतली. ती पानं सापडली असती तर मला रडू आलं असतं, पण झोपही लागली असती!

दोन महिन्यांनी पाद्रीसाहेब स्वतः घरी आले. उभ्यानेच म्हणाले, "माफी मागायला आलोय." ती दोन पानं मुंबईला सापडली होती. फार पूर्वी कुणीतरी वह्या नव्याने शिवून घेताना ती चुकून दुसऱ्याच ठिकाणच्या नोंदवहीत शिवली गेली होती. ती वही कपाटाबाहेर निघाल्याला कित्येक वर्षं झाली होती. म्हणजे यांनी पाहण्याचा प्रश्नच नव्हता. सगळी नावं जुळली. "पण मला वेगळीच गोष्ट खटकते," पाद्रीसाहेब म्हणाले. "त्या पानांवर फक्त नावं, वयं आणि आजार आहेत. कुणाला कुठे पुरलं, ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, कुठेही नाही. मग तुम्ही मार्थाच्या डोक्याशी कुदळ कशी मारलीत?"

 यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार?

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याने लहानपणी घरात ऐकलं असेल आणि विसरला असेल. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आले. पण मग त्याचा हात? आणि त्याला त्याच्या आजाची जागा दाखवणारा टोपीवाला कोण? एकाला भास झाला म्हणावं, तर दोघांना एकमेकांचाच कसा होईल, तोही महिनोन् महिने? आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच – माझ्या नवऱ्याला त्या दिवसांत जो धीर मिळाला, जो मला देता आला नाही, तो त्यांना दिला कोणी? त्याचे आभार मानायचे की त्याला घाबरायचं, हेही मला ठरवता आलं नाही. हे पुन्हा तिकडे एकटे कधी गेले नाहीत. हिराजीबाबाने त्या माळाचं गवत सोडून दिलं. वाटेत भेटले की दोघं लांबूनच रामराम करायचे, आणि आधी समोरच्याचे हात आणि डोकं न्याहाळून घ्यायचे. हे मी स्वतः पाहिलंय.

गोदाम मात्र तिथे झालं नाही. पाद्रीसाहेबांनी वर लिहिलं, नकाशा जोडला, पडलेली भिंत बांधून घेतली. आता तिथे काय उरलंय ते मला माहीत नाही. मधल्या काळात सगळीकडे बिल्डिंगी उभ्या राहिल्यात, आणि एकटीने जाऊन बघायचं माझं धाडस झालेलं नाही.

भिंत पूर्ण झाली तेव्हा नकाशाची पक्की प्रत चर्चच्या दप्तरात ठेवायची म्हणून पाद्रीसाहेबांनी आम्हाला आणि हिराजीबाबाला बोलावलं होतं. कागदाच्या खाली दोन ओळी आखल्या होत्या. एक, 'नकाशा काढणार'. तिथे यांनी सही केली. दुसरी, 'माहिती देणार'. पाद्रीसाहेबांनी शाईचं पॅड हिराजीबाबाकडे सरकवलं. त्याने हात मागे घेतला आणि नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी पेन यांच्याकडे केलं. यांनी ते हातात घेतलं, कागदाजवळ नेलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"मग काय लिहू?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

 त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, शाई वाळली आहे का ते बघितलं, आणि ती ओळ तशीच ठेवून कागद गुंडाळून घेतला.